अर्क शब्दाची साक्ष : अंगलेपनार्थ वनस्पतिसार काढण्याच्या विद्येचा कालविचार

१. लंकाधिपति रावणाच्या नांवावर प्रसिद्ध असलेला ‘अर्कप्रकाश’ हा संस्कृत ग्रंथ वैद्यमंडळींस अपरिचित नाहीं. रावण आणि मंदोदरी यांच्या संवादरूपानें त्याची रचना झालेली असून, नाना वनस्पतींचा अर्क यंत्राच्या साहाय्यानें कसा उतरावा, हा त्यांतील मुख्य विषय होय. या ग्रंथाच्या आधारावर असें एक मत आपल्याकडे रूढ झालें आहे कीं, फुलें, मुळें व सुगंधी लांकडें यांचें सार वाफेच्या द्वारें काढून तें त्वचेच्या प्रसाधनार्थ वापरण्याची विद्या आपल्या पूर्वजांस अति प्राचीन काळापासून अवगत होती. आम्ही स्वतः याच मताचे होतों. इतकेंच नव्हे, तर शाळेंत संस्कृत शिकवीत असतां कित्येक वर्षें तें मत विद्यार्थ्यांस निःशंकपणें सांगत आलों.

पुढें आमचे एक जुने विद्यार्थी, जे हल्लीं वैद्यकीचा व्यवसाय करितात, ते ‘अर्कप्रकाशा’ची प्रत घेऊन आमच्या घरीं आले. एका पानावर त्यांनीं खूण करून ठेविली होती. “गुरुजी,” ते म्हणाले, “येथें फिरंगरोगाचा उल्लेख आहे. रावणाच्या लंकेंत फिरंगी कोठून आले?” प्रश्न नम्रपणें विचारलेला होता, परंतु त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पोर्तुगीज लोक या देशाच्या किनाऱ्यास इ. स. १४९८ मध्यें लागले. फिरंगरोग या नांवाचें निदान व चिकित्सा भावमिश्राच्या सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाशां’त आढळते. तेव्हां ज्या ग्रंथांत हें नांव आलें आहे, तो आजच्या स्वरूपांत सोळाव्या शतकापूर्वींचा असूं शकत नाहीं, हें उघड आहे. ज्या खांबावर आम्हीं मजला चढविला होता तो खांबच असा निखळला, तेव्हां सर्व प्रश्न मुळापासून पुन्हा तपासणें आम्हांस प्राप्त झालें. त्या तपासाचें फळ येथें वाचकांस सादर करीत आहों.

२. प्रथम दोन विधींमधील भेद स्पष्ट केला पाहिजे. वनस्पतींतील गुणकारी व सुगंधी अंश वेगळा करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यांत तेल किंवा तूप हें वाहन करून त्यांत तो अंश उतरवून घेतात. यास आपण स्नेहविधि म्हणूं. दुसऱ्यांत वनस्पति पाण्यासह तापवून, निघणारी वाफ नळीवाटे नेऊन थंड करितात व तिचें पुन्हा झालेलें पाणी आणि त्यावरील तेल गोळा करितात. यास अर्कविधि म्हणूं. दोहोंचें साध्य एक असलें तरी त्यांचा इतिहास एक नाहीं, आणि तो एक मानल्यामुळेंच आमची चूक झाली.

३. स्नेहविधीची प्रमाणें विपुल व प्राचीन आहेत. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रां’त कोशांत घ्यावयाच्या रत्नादि वस्तूंच्या परीक्षेचा जो अध्याय आहे, त्यांत चंदनाच्या सोळा जाती सांगून उत्तम चंदनाचे गुण दिले आहेत. तें वजनानें हलकें, स्निग्ध, तुपासारखें अंगास माखणारें, उष्णता सोसणारें असावें, असें ग्रंथकार म्हणतो. आणि त्यांतच ‘त्वगनुसारि’ असें एक विशेषण घालतो. त्वचेंत उतरणारें, तिच्या मागें जाणारें, असा त्याचा अर्थ होय. राजकोशाचा अधिकारी लांकूड पारखतांना त्वचेचा विचार करितो, यावरून चंदनाचा मुख्य उपयोग कोणता होता तें दिसून येतें. येथें सहाणेवर उगाळलेल्या गंधाचा व लेपाचाच संबंध आहे.

फुलांचा गंध तिळांत उतरविण्याची कृति तर इतकी सर्वपरिचित होती कीं, तत्त्वज्ञांनीं तिचा दृष्टांत म्हणून उपयोग केला. तीळ व ताजीं फुलें यांचे थर एकावर एक घालून ठेवितात. फुलें सुकलीं म्हणजे काढून पुन्हा नवीं घालितात. तिळांत वास मुरला म्हणजे ते घाण्यांत घालून तेल काढितात. फुलेल तेलाची ही जुनी रीत होय. असंगाच्या ‘महायानसंग्रहां’त पूर्वकर्माचा संस्कार चित्तांत कसा राहतो हें समजावितांना, फूल नाहींसें झालें तरी तिळांत त्याचा वास राहतो, या अर्थाचा दृष्टांत आला आहे. ‘वासना’ हा शब्द आज आपण केवळ मनोविकारासाठीं वापरतों. परंतु त्यामागें गांध्याच्या दुकानांतील हा व्यवहार उभा आहे. दृष्टांत नेहमीं सर्वांस ठाऊक असलेल्या वस्तूचाच देतात. म्हणून या कृतीच्या प्राचीनत्वाविषयीं याहून बळकट पुरावा मिळणें कठीण.

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहितें’त (सहावें शतक) ‘गंधयुक्ति’ या नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. मंजिष्ठ, व्याघ्रनख, शुक्ति, दालचिनीची त्वचा, कोष्ठ व रस यांचें चूर्ण तिळाच्या तेलांत घालून तें उन्हांत तापविलें असतां तेलास चाफ्याचा वास येतो, असें त्यांत सांगितलें आहे. चाफा नसतां चाफ्याचा गंध उत्पन्न करण्याची ही युक्ति आहे. आणि त्यासाठीं उष्णता कोणती? तर सूर्यकिरणांची. त्याच अध्यायांत सोळा द्रव्यांतून चार चार निवडून, त्यांचीं प्रमाणें पालटून, १,७४,७२० गंध होतात असा हिशेब दिला आहे. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२०. प्रत्येकाचीं प्रमाणें ९६. गुणाकार करून वाचकांनीं ताळा पाहावा. इतक्या बारकाईनें लिहिणारा ग्रंथकार गंधयुक्तीच्या अध्यायांत वाफ धरण्याच्या यंत्राविषयीं एक अक्षरही लिहीत नाहीं, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानांत, क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं, मुखावरील व्यंग व नीलिका यांवर कुंकुम, वाळा, लाख, ज्येष्ठमध, चंदन, मंजिष्ठ इत्यादि द्रव्यें आणि शेळीचें दूध यांनीं सिद्ध केलेला स्नेह सांगितला आहे. आज बाजारांत ‘कुंकुमादि तैल’ म्हणून जें विकलें जातें, त्याचें मूळ या परंपरेंत आहे. हा ग्रंथ अरुणदत्ताच्या टीकेसह इ. स. १८८० मध्यें मुंबईस डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं छापवून प्रसिद्ध केला, हें महाराष्ट्रीय वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसऱ्या सोमेश्वरानें रचिलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या उपभोगांचें वर्णन करितांना अभ्यंग, स्नान व विलेपन यांस स्वतंत्र स्थान मिळालें आहे. तेथेंही तेल व लेप हींच प्रधान होत.

४. या विधीचें शास्त्र पूर्णतेस पोंचलेलें पाहावयाचें असेल तर ‘शार्ङ्गधरसंहिता’ उघडावी. स्नेहपाकाचें सर्वसामान्य मान असें : कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे ओल्या वाटलेल्या औषधीचा एक शेर कल्क असेल, तर तेल चार शेर व काढा, दूध अथवा पाणी सोळा शेर. हें मंदाग्नीवर ठेवून सर्व द्रव आटेपर्यंत शिजवावयाचें. पाक झाला हें कसें ओळखावें? कल्क बोटांनीं वळला असतां त्याची वात झाली पाहिजे. तो अग्नींत टाकला असतां तडतड आवाज होतां कामा नये. आणि तेल असेल तर त्यावर फेस आला पाहिजे, तूप असेल तर फेस बसला पाहिजे. पाकाचे मृदु, मध्य व खर असे तीन प्रकार असून, अंगास चोळावयाच्या तेलास खरपाक योग्य मानला आहे.

या नियमांचा अर्थ आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहिला तर ते किती अनुभवसिद्ध आहेत तें कळून येतें. भांड्यांत पाणी आहे तोंपर्यंत तेलाची उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारशी वर जात नाहीं. त्यामुळें औषधि करपत नाहीं व तिच्यांतील स्नेहांत विरघळणारा अंश सावकाश तेलांत उतरतो. कल्क अग्नींत तडतडला तर त्यांत पाणी शेष आहे असें समजावें. आणि पाणी राहिलेलें तेल टिकत नाहीं, हें कोणतीही गृहिणी सांगेल.

परंतु या विधींत एक उणीव आहे, आणि आमच्या प्रश्नाचें मर्म तेथेंच आहे. भांडें उघडें असतें. सोळा भाग द्रवाची वाफ होत असतां, त्या वाफेबरोबर द्रव्यांतील उडून जाणारा सुगंधही निघून जातो. जुन्या वैद्यांस हें ठाऊक होतें. म्हणूनच कापूर, कस्तूरी यांसारखीं गंधद्रव्यें पाक उतरून तेल निवत आल्यावर घालावयाचीं, अशी रीत पडली. उडून जाणारा गंध उशिरां घालून वांचविणें, हा त्यांचा उपाय होता. उडालेला गंध परत धरणें, हा नव्हे.

५. गंधशास्त्राच्या स्वतंत्र ग्रंथांकडे वळतांना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांचें स्मरण कृतज्ञतापूर्वक केलें पाहिजे. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे ग्रंथ विस्मृतींत पडले होते. त्यांची पोथी हुडकून गोडे यांनीं इ. स. १९४५ च्या सुमारास त्यांवर विस्तृत निबंध लिहिले. त्यांतील ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे, व तिचा काळ त्यांनीं इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरविला. महाराष्ट्रांत गंधविद्येवर आपल्या भाषेंत लिहिणारा कोणी होता व त्याचें वाचणारेही होते, ही केवढी समाधानाची गोष्ट! ‘गंधसारां’त गंध तयार करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन. चूर्णास द्रवाची भावना देणें, तें शिजविणें, त्याचा गंध जागा करणें, तीव्र द्रव्यानें तो वेधणें, धुरी देणें आणि शेवटीं फुलांनीं वासित करणें, असा हा क्रम आहे. वर सांगितलेली ‘वासना’ येथें पारिभाषिक नांवानें शेवटची क्रिया म्हणून उभी आहे.

६. आतां अर्कविधीकडे वळूं. येथें प्रथम साक्ष शब्दांचीच घ्यावी. संस्कृतांत ‘अर्क’ शब्दाचे प्रसिद्ध अर्थ सूर्य व रुईचें झाड. ‘वाफेनें उतरलेलें सार’ हा अर्थ अरबी ‘अरक’ या शब्दाचा असून, त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे. यंत्राच्या थंड भागावर बाष्पाचे थेंब जमतात, त्यांस घामाची उपमा किती समर्पक आहे! ‘अत्तर’ हाही अरबी शब्दच. ‘गुलाब’ शब्दाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे : फारसी ‘गुल’ म्हणजे फूल व ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे मूळ शब्द फुलाच्या उतरलेल्या पाण्याचा; आपण तो फुलासच लाविला, आणि मग पाण्यासाठीं ‘गुलाबपाणी’ असा द्विरुक्त शब्द करणें भाग पडलें. याच्या उलट दुसऱ्या बाजूचे शब्द पाहावे : तिळापासून तैल व तेल, उद्वर्तनापासून उटणें, आणि दिवाळीच्या पहांटेचें अभ्यंग. स्नेहविधीचे शब्द घरचे आहेत, अर्कविधीचे पाहुणे आहेत. शब्द वस्तूबरोबर प्रवास करितात, हें तत्त्व मान्य केल्यास निष्कर्ष स्पष्ट आहे.

शब्दांस ग्रंथांचा दुजोरा मिळतो. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त अगरूच्या लांकडापासून चोवा काढण्याची कृति दिली आहे. अरुंद गळ्याच्या भांड्यांत लांकडाचे तुकडे भरून, भांड्यास माती लिंपून, तें उपडें ठेवून शेणीचा मंद अग्नि देतात. सार खालच्या पाण्याच्या भांड्यांत ठिबकतें. मराठींत ‘चोवाचंदन’ हा जोडशब्द शेष राहिला आहे, त्यांतील चोवा तो हाच. इ. स. १६१४ च्या सुमाराची हकीकत जहांगीर बादशहा आपल्या आत्मवृत्तांत सांगतो ती अशी कीं, नूरजहानच्या आईनें गुलाबपाणी काढीत असतां ऊन पाण्यावर आलेला तवंग थोडा थोडा गोळा केला व त्यापासून अत्तर निघालें. बादशहानें तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली.

कनोज येथें आजही चालू असलेली डेग-भपक्याची पद्धति या दोन विधींचा संगम आहे. तांब्याच्या डेगेंत फुलें व पाणी घालून तोंड मातीनें बंद करितात; बांबूच्या चोंग्यांतून वाफ थंड पाण्यांत ठेविलेल्या भपक्यांत जाते; आणि भपक्यांत आधींच चंदनाचें तेल घातलेलें असतें. वाफ धरण्याचें तंत्र नवें. पण गंध स्नेहांतच मुरवावयाचा, हा आग्रह जुना. स्नेहपाकाच्या उघड्या भांड्यांतून जी वाफ शतकानुशतकें आकाशांत जात होती, तिला येथें आसरा मिळाला.

७. येथें एक आक्षेप येईल, व तो टाळणें न्याय्य नव्हे. ‘रसरत्नसमुच्चया’सारख्या रसग्रंथांत तिर्यक्पातन यंत्राचें वर्णन आहे, तिरप्या नळीनें जोडलेल्या दोन घटांतून पारा उडवून दुसऱ्या घटांत धरण्याचें तें साधन होय. शिवाय तक्षशिला व शैखान ढेरी येथील उत्खननांत सांपडलेल्या मातीच्या भांड्यांवरून, ऊर्ध्वपातनाचें मूळ घर भारतच असावें कीं काय, असा प्रश्न ऑलचिन या पुरातत्त्वज्ञानें इ. स. १९७९ मध्यें केला होता. मग आमचें म्हणणें कसें टिकतें?

उत्तर असें कीं, साधन असणें आणि त्याचा अमुक कामीं उपयोग होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑलचिन यांचा विचार मद्यासंबंधीं आहे. रसग्रंथांतील यंत्र पाऱ्यासाठीं आहे. या दोहोंवरून वाफ थंड करण्याचें तत्त्व येथें ठाऊक होतें इतकें सिद्ध होतें, आणि तें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु त्याच यंत्रांत वाळा व मोगरा घालून अंगास लावण्याचें सार काढीत असत, हें त्यांवरून सिद्ध होत नाहीं. तात्पर्य, वर तपासलेल्या कौटिल्यापासून शार्ङ्गधरापर्यंतच्या ग्रंथांत त्वचेसाठीं सांगितलेली कृति लेपाची व स्नेहाची आहे. आणि अर्काची कृति ज्या ग्रंथांत शास्त्र म्हणून येते तो ‘अर्कप्रकाश’ अरबी नांव व फिरंगी रोग हीं दोन्हीं घेऊन येतो.

८. अर्कविधीचें आधुनिक रूप म्हैसूर संस्थानांत पाहावयास मिळतें. चंदनवृक्ष टिपू सुलतानानें इ. स. १७९२ मध्यें राजवृक्ष ठरविला होता. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभीं म्हैसूरचें चंदनाचें लांकूड जर्मनीस जाई व तेल तेथें निघे. १९१४ मध्यें महायुद्ध सुरू होऊन हा व्यापार बंद पडला व लांकूड संस्थानांत सांचून राहिलें. त्या वेळचे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकलेले व खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळें महाराष्ट्रास परिचित होते. त्यांच्या कारकीर्दींत, आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकारानें, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेंतील सडबरो व वॉटसन या रसायनज्ञांनीं प्रयोग केले. १९१६ मध्यें बंगळूरास व १९१७ मध्यें म्हैसुरास तेलाचा कारखाना निघाला. १९१८ पासून त्या तेलाचा साबण होऊं लागला. त्यासाठीं सोसले गरळपुरी शास्त्री यांस विलायतेस पाठवून शिक्षण देवविलें होतें.

कारखान्यांतील कृति तत्त्वतः डेगेचीच आहे. चंदनाच्या गाभ्याचा भुगा करून त्यांतून वाफ सोडितात. चंदनतेलांतील मुख्य घटक सँटॅलॉल एकटा तापविला तर सुमारें ३०० अंशांवर उकळतो. परंतु पाण्याच्या वाफेच्या संगतीनें तो १०० अंशांच्या आंतच तिच्याबरोबर निघतो. तो फार सावकाश निघतो, म्हणून एक भट्टी दोन-तीन दिवस चालवावी लागते. चांगल्या गाभ्यांतून शेंकडा सुमारें ४ ते ६ इतकेंच तेल मिळतें, व तें पाण्याहून किंचित हलकें असल्यामुळें वर तरंगतें. कौटिल्यानें ज्या गुणास ‘त्वगनुसारि’ म्हटलें, तो गुण अशा रीतीनें लांकडापासून वेगळा होऊन बाटलींत आला.

९. कोणी म्हणेल, अर्क थोडा अलीकडे आला हें ठरवून काय मिळविलें? उलट पूर्वजांचें थोडें श्रेय कमीच झालें. या आक्षेपास आम्ही एका अलीकडच्या घटनेनें उत्तर देतों. १९९५ मध्यें अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरण्यासाठीं हळदीचा उपयोग करण्याचें पेटंट मिळालें. हिंदुस्थानच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतां, त्यास हरकत घेतली आणि १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें. कशाच्या बळावर? आपल्या घराघरांत हळद लावितात, एवढें सांगून तें झालें नाहीं. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ व छापील लेख असे ३२ लेखी पुरावे पुढें ठेवावे लागले. त्या पुराव्यांत ‘हा ग्रंथ त्रेतायुगांतील रावणाचा’ अशा भरंवशावर एखादें पुस्तक घातलें असतें, तर त्या एका पानानें बाकीच्या सर्व पानांवर संशयाची छाया पडली असती. ज्याचा एक दाखला खोटा ठरतो, त्याचे खरे दाखलेही वाचले जात नाहींत. हा न्याय कचेरींत आहे तसाच इतिहासांतही आहे.

शिवाय श्रेय कमी झालें असेंही आम्हांस वाटत नाहीं. स्नेहपाकाचें मान, त्याच्या परीक्षा, तिळास वासना देण्याची युक्ति, १,७४,७२० गंधांचा हिशेब, हें सर्व आपलें आहे व तें तिथिमितीनें सिद्ध होतें. जें पश्चिमेकडून आलें तें आपल्या कारागिरांनीं चंदनाच्या तेलांत धरून आपलेंसें केलें, हेंही कांहीं लहान काम नव्हे. आपलें नसलेलें सोडून दिल्यानें आपलें असलेलें अधिक घट्ट हातांत येतें.

ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं इतकीं वर्षें रावणाच्या अर्कशाळेची गोष्ट सांगितली, ते आतां चहूंकडे पांगले आहेत. प्रत्येकास गांठून चूक दुरुस्त करणें शक्य नाहीं. या लेखाच्या द्वारें ती जाहीरपणें दुरुस्त करितों, आणि जुन्या मराठी वैद्यकीच्या पोथ्या ज्यांच्या घरीं असतील त्यांस विनंति करितों कीं, त्यांतील गंध-तेलांच्या कृति, पोथीचा लेखनशक व लेखकाचें नांव यांसह, उतरून ठेवाव्या. कृतीइतकाच तिचा शकही मोलाचा आहे.